घेतलेली वस्तू कुणाची?

माझे सारे आयुष्य लोखंडाच्या संगतीत गेले. बेळगावच्या उद्यमबागेत माझे एक लहानसे वर्कशॉप होते. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार कामगार आणि पंपांच्या सुट्या भागांची कामे, एवढाच पसारा. तत्त्वचिंतन हा माझा प्रांत नव्हे. संपादकांनी लेख मागितला तेव्हा त्यांनाही भट्टीच्या आणि ओतकामाच्या आठवणी हव्या असाव्यात. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक घटना घडली आणि तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. घटना इतकी क्षुल्लक, की कुणाला सांगितली तर तो हसेल. प्रश्न मात्र मला तसा वाटत नाही. म्हणून आठवणी बाजूला ठेवून तोच वाचकांपुढे मांडतो.

माझा नातू यंदा दहावीत आहे. त्याच्याकडे दूरदर्शन संचाला जोडून खेळायचे एक यंत्र आहे. त्याला ही मुले ‘कन्सोल’ म्हणतात. ते कोणत्या कंपनीचे आहे हे सांगत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते एका घराण्यापुरते नाही. या कन्सोलवर तो आणि त्याची थोरली बहीण ठोकळ्यांवर ठोकळे रचून गाव वसवायचा एक खेळ खेळत. पाच वर्षे त्यांनी ते गाव रचले होते. त्यात विहीर होती, चौक होता, टेकडीवर किल्ला होता, आणि आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचे पिंपळाचे झाडही त्यांनी पारासकट उभे केले होते. नात आता नोकरीसाठी हैदराबादला असते. सुट्टीत घरी आली की दोघे रात्री उशिरापर्यंत त्या गावात भिंती बांधीत बसत. “अक्का, नदीवरचा पूल मी पुरा केला बघ की!” असे त्याचे फोनवरचे बोलणे मी कितीदा तरी ऐकले आहे.

यंत्रातली हार्ड डिस्क लहान पडू लागली म्हणून त्याने खाऊचे पैसे साठवून मोठी डिस्क आणली. कंपनीच्या माहितीपुस्तकातच डिस्क कशी बदलावी याच्या आकृत्या होत्या, म्हणजे काही चोरून चालले नव्हते. एका स्क्रूचा माथा घासला होता आणि तो काही केल्या हलेना, तेव्हा माझी आठवण झाली. नातवाच्या त्या जगात माझ्या हाताला काम मिळाल्याचा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! जुनी हत्यारांची पेटी काढली, नेमका पेचकस शोधला, आणि स्क्रू काढून दिला. नवी डिस्क बसली. जुन्या डिस्कवरचे सारे नवीवर उतरवून झाले आणि जुनी पुसून त्याच्या वडिलांच्या संगणकाला दिली. दोन महिने सारे सुरळीत चालले.

मग एका संध्याकाळी पडद्यावर सूचना आली की यंत्राचे ‘अपडेट’ आले आहे. ते घेतल्याशिवाय मित्रांबरोबर खेळता येईना, म्हणून त्याने घेतले. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि पडद्यावर इंग्रजीत मजकूर उमटला: ही डिस्क ओळखता येत नाही, पुढे जायचे तर ती नव्याने तयार करावी लागेल. खाली दोन पर्याय होते, ‘होय’ आणि ‘नाही’. त्याने ‘नाही’ दाबले. यंत्र बंद झाले, पुन्हा सुरू झाले, आणि तोच प्रश्न पुन्हा समोर आला. असे चार-पाच वेळा झाले. मी बाजूच्या खुर्चीत बसलो होतो.

“आज्जा, ‘होय’ म्हटलं तर सगळं पुसलं जाईल असं लिहिलंय. काय करू?”

मी म्हटले, “अरे, कंपनीनेच विचारलंय ना? त्यांचंच यंत्र ते. विचार केल्याशिवाय का विचारतील? दाब की ‘होय’.”

त्याने दाबले. पाच वर्षांचे गाव पाच मिनिटांत नाहीसे झाले. तो रडला नाही, माझ्यावर रागावलाही नाही. फक्त हैदराबादला फोन करताना आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतले. वाचकहो, त्या बंद दारापाशी मला माझेच वाक्य पुन्हा ऐकू आले. ‘त्यांचंच यंत्र ते.’ पावती आमच्या कपाटात, पैसे आमचे, वीज आमची, आणि यंत्र त्यांचे? हे शब्द माझ्या तोंडी आले कुठून?

* * *

१९७९ साली मी माझा पहिला लेथ घेतला, तोही जुनाच. पुढल्या तीस वर्षांत मी त्याचे काय काय केले नाही! मोटर जळाली तेव्हा वेगळ्याच कंपनीची बसवली. एक गिअर झिजला, तो दुसऱ्या लेथवर कापून घेतला. चक बदलला, बेअरिंगे बदलली. बनवणाऱ्या कारखान्याला याचा पत्ताही नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. कारखान्याचा माणूस रात्री माझे कुलूप उघडून आत आला, त्याने परकी मोटर पाहिली आणि सकाळपासून लेथ फिरेनासा झाला, असे कुणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते. लेथ माझा होता. म्हणजे नेमके काय होते, असा विचार मात्र मी कधी केला नव्हता. करण्याची वेळच आली नव्हती.

आताच्या यंत्रांत आणि माझ्या लेथमध्ये फरक आहे तो असा. या यंत्रांच्या पोटात, लोखंड आणि खेळ यांच्या मध्ये, एक आज्ञावली कायमची बसवलेली असते. तिला ‘फर्मवेअर’ म्हणतात. ही दारावरच्या भालदारासारखी असते. कोणती डिस्क आपली मानायची, कोणती परकी, कोणता खेळ चालू द्यायचा, हे सारे तीच ठरवते. पुष्कळ यंत्रांत डिस्कवरचा मजकूर त्या यंत्रापुरत्याच एका गुप्त किल्लीने कुलूपबंद केलेला असतो. त्यामुळे डिस्क काढून शेजाऱ्याच्या यंत्राला लावली तर त्याला ती निव्वळ कोरी वा बिघडलेली दिसते. यात गैर काही नाही. परंतु हा भालदार पगार कंपनीचा खातो. त्याला नवे हुकूम देण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो, आणि हे नवे हुकूम म्हणजेच अपडेट. विक्री झाल्यावरही विकणाऱ्याचा एक माणूस घेणाऱ्याच्या घरात राहतो, असा हा व्यवहार आहे.

आमच्या घरचेच दुःख मोठे करून सांगतो असे वाटू नये, म्हणून जगजाहीर गोष्टी सांगतो. या गेल्या काही महिन्यांत नातवाला समोर बसवून मी त्या समजून घेतल्या आहेत.

सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन ३’ हे यंत्र २००६ साली बाजारात आले. त्यातली डिस्क ग्राहकाने स्वतः बदलावी अशी सोय कंपनीनेच ठेवली होती, आणि डिस्कही साध्या लॅपटॉपला चालते तीच. खुल्या मनाने केलेले यंत्र म्हणून त्याचे कौतुक झाले. १८ जून २०१३ रोजी त्याचे ४.४५ क्रमांकाचे अपडेट निघाले. त्याने काय साधायचे होते? खेळात बक्षीस मिळाले की पडद्यावर जी सूचना झळकते ती बंद वा चालू करण्याची सोय, हे त्यातले मुख्य नावीन्य. पण ते घेतल्यावर काही यंत्रे सुरूच होईनात, मुख्य पडदा दिसेचना. तक्रार करणाऱ्यांत मोठी डिस्क बसवलेले अनेक जण होते. कंपनीने थोड्याच वेळात अपडेट मागे घेतले आणि पुढे सुधारलेले दिले. यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. चूक झाली, ती दुरुस्त केली. चुका माझ्या वर्कशॉपमध्येही होत. पण माझी चूक माझ्या चार भिंतींत होई. इथे एका ठिकाणी झालेली चूक एका रात्रीत देशोदेशीच्या घरांत जाऊन पोचली.

दुसरी गोष्ट चुकीची नव्हे, निर्णयाची आहे. याच यंत्रावर लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली बसवून त्याचा साध्या संगणकासारखा उपयोग करता येत असे. हीही कंपनीनेच जाहीर केलेली सोय होती. विद्यार्थी, संशोधक यांनी त्यासाठीच ही यंत्रे घेतली. अमेरिकी वायुदलाच्या प्रयोगशाळेने तर २०१० साली अशी १,७६० यंत्रे जोडून एक महासंगणकच उभा केला. त्याच वर्षी १ एप्रिलला ३.२१ क्रमांकाच्या अपडेटने ही सोय काढून टाकण्यात आली. सुरक्षिततेसाठी, असे कारण दिले गेले. अपडेट घेणे सक्तीचे नव्हते, असेही सांगितले गेले. मात्र ते न घेणाऱ्याला कंपनीच्या जाळ्यावर इतरांशी खेळता येणार नव्हते. म्हणजे यंत्राचे दोन हात होते, त्यांपैकी कोणता ठेवायचा ते तुम्हीच ठरवा, दोन्ही मिळणार नाहीत. आणि पैसे मोजले होते दोन्ही हातांचे! अमेरिकेत लोक न्यायालयात गेले. आठ वर्षांनी, २०१८ साली, साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड झाली. हात काही परत आला नाही.

मायक्रोसॉफ्टनेही २००९ साली आपल्या ‘एक्सबॉक्स ३६०’च्या अपडेटने इतर उत्पादकांची मेमरी कार्डे चालेनाशी केली. आदल्या दिवसापर्यंत चालणारी कार्डे दुसऱ्या दिवशी परकी ठरली. कार्डे तीच होती, यंत्रही तेच होते.

आणि न्याय करायचा तर चौथी गोष्टही सांगितली पाहिजे. ‘प्लेस्टेशन ५’ हे यंत्र नोव्हेंबर २०२० मध्ये आले. जादा साठवणुकीची डिस्क बसवायची खाच त्यात पहिल्या दिवसापासून होती, पण फर्मवेअर ती ओळखत नव्हते. सप्टेंबर २०२१ मध्ये अपडेट आले आणि ती खाच उघडली. दहा महिने लोकांच्या घरात स्वतःच्या पैशाने घेतलेली एक खोली होती आणि तिची किल्ली समुद्रापलीकडे होती. अपडेट काढून घेते तसे देतेही, हे खरेच. पण देण्यातही हेच दिसते की किल्ली कुणाच्या कमरेला आहे.

* * *

आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत एक वृद्ध वकील आहेत. धर्मशास्त्राचा त्यांना नाद आहे. त्यांना मी सारी हकीगत सांगितली, तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, “तुमच्या प्रश्नावर नऊशे वर्षांपूर्वी वाद झालेला आहे, आणि तोही आपल्याच मुलखात.”

त्यांनी जे सांगितले ते असे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, विक्रमादित्य सहावा याच्या कारकिर्दीत, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. मिताक्षरेत वारसाहक्काच्या प्रकरणाला हात घालण्यापूर्वी विज्ञानेश्वर एक मूलभूत प्रश्न विचारतो. एखादी वस्तू ‘माझी’ आहे हे ठरते कशाने? शास्त्राने की लोकव्यवहाराने? शास्त्रात मालकीची कारणे सांगितलेली आहेत: वारसा, खरेदी, वाटणी, बेवारस वस्तू घेणे, गुप्तधन सापडणे. मग शास्त्राने सांगितले म्हणूनच वस्तू आपली होते काय? त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. स्वत्व हे लौकिक आहे. ते लोकांच्या देण्याघेण्यातून सिद्ध होते आणि शास्त्र त्याची फक्त नोंद घेते. याला तो जो पुरावा देतो तो ऐकून मी चालता चालता थांबलोच. तो म्हणतो, ज्यांना शास्त्राचा गंधही नाही अशा प्रत्यंतवासी लोकांतही खरेदी-विक्री चालते आणि ‘हे माझे, हे तुझे’ असा व्यवहार दिसतो.

प्रत्यंतवासी म्हणजे सीमेवर राहणारे. सुसंस्कृत मुलखाच्या कडेला राहणारे अडाणी लोक, असा त्याच्या काळी अर्थ असेल. पण वकीलसाहेबांकडे पाहून मी म्हटले, “म्हणजे आपणच की!”

तेव्हापासून हा शब्द मी मनात घोळवतो आहे. आजच्या काळातले शास्त्र म्हणजे पडद्यावर सरकणारा तो लांबलचक करारनामा. यंत्र तुमचे असले तरी त्यातल्या आज्ञावलीचा केवळ परवाना तुम्हाला दिलेला आहे, ती आम्ही केव्हाही बदलू, अशा अर्थाची कलमे त्यात असतात. आणि त्या शास्त्रापुढे आम्ही सारे प्रत्यंतवासी. घरात मराठी, दारात कन्नड, आणि करार इंग्रजी. आम्ही ते वाचलेले नाही, पण खरेदी म्हणजे काय हे आम्हाला कळते. दुकानदाराने पैसे घेतले, वस्तू हातात दिली, वस्तू आमची झाली. शहापूरच्या बाजारात लुगडे घेणारी बाई आणि रविवार पेठेत गुळाची ढेप घेणारा माणूस यांना हे कुणी शिकवावे लागत नाही. विज्ञानेश्वराच्या न्यायाने पाहिले तर पारडे आमच्या बाजूला झुकते. व्यवहार आधी, कागद नंतर. दुकानात ‘विक्री’ म्हणायचे आणि घरी गेल्यावर ‘परवाना’ म्हणायचे, हा एकाच वस्तूचा दोन तोंडांनी केलेला सौदा झाला.

स्वत्व म्हणजे तरी काय, यावरही आपल्याकडे पुष्कळ खल झाला आहे. स्वेच्छेप्रमाणे उपयोग करण्याची योग्यता म्हणजे स्वत्व, अशी एक व्याख्या होती. बंगालचा नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणी याने तिच्यातली अडचण दाखवली. नुसता उपयोग काय, दुसऱ्याचे अन्नही खाता येतेच की. ते खाऊ नये म्हणायचे तर ‘दुसऱ्याचे’ म्हणजे काय हे आधी ठाऊक हवे. म्हणून त्याने स्वत्व हा एक स्वतंत्र पदार्थच मानला. एवढ्या खोलात मला जाता येत नाही. पण लेथवर उभे राहिलेल्या माणसाला यातून एक गोष्ट उमगते. मला यंत्राचा उपयोग करता येतो यावरून ते माझे ठरत नाही. भाड्याच्या सायकलचाही उपयोग करता येतो. ते माझे ठरते ते दुसऱ्या एका कसोटीवर. कुणी त्यात बदल करू म्हटले तर मला ‘नाही’ म्हणता येते का, आणि ‘नाही’ म्हटल्यावर वस्तू काल होती तशीच आज राहते का?

माझ्या नातवाने ‘नाही’ दाबले होते, एकदा नव्हे, चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी तोच प्रश्न परत आला. ज्या ‘नाही’ने फक्त प्रश्नच परत येतो, तो नकार कसला?

* * *

माझे म्हणणे एकांगी होऊ नये म्हणून मी ते आमच्या शेजारच्या सरांपुढे मांडले. ते निवृत्त कन्नड शिक्षक, तर्काला पक्के. माझी हकीगत संपल्यावर त्यांनी प्रथम एवढेच विचारले, “इदु नम्दा, अवर्दा?” हे आपले की त्यांचे? सारा लेख या तीन शब्दांत आहे, असे आता वाटते. पण मग त्यांनी दुसरी बाजूही मांडली.

ते म्हणाले, तुमचा लेथ एकटा होता. हे यंत्र हजारो यंत्रांशी जोडलेले आहे. त्यात पळवाट राहिली तर लबाड माणूस शिरून दुसऱ्या मुलांचा खेळ नासवतो, एखाद्याच्या बँकेच्या कार्डापर्यंतही पोचतो. ती बुजवायची तर अपडेट हवेच, आणि सर्वांनी घ्यायला हवे. सार्वजनिक विहिरीत प्रत्येकाने आपल्या मर्जीचा पोहरा सोडला तर पाणी पिण्याजोगे राहील काय?

हे मला पटले. म्हणूनच मला भेद करावासा वाटतो तो विहीर आणि घर यांच्यात. विहिरीवर यायचे तर घासलेला पोहरा आणा, असे पंचांनी म्हणावे. न आणणाऱ्याला विहिरीवर मज्जाव करावा. पण त्यासाठी माझ्या घरातल्या घागरीला भोक पाडू नये, आणि घरातले साठवलेले पाणी ओतून देऊ नये. इतरांशी खेळायचे तर नियम पाळा, हे ठीक. परंतु एकट्याने, घरच्या घरी, स्वतःच्या डिस्कवर जे आहे त्याला हात लावण्यापूर्वी मालकाची खरी संमती हवी. आणि काही काढून घ्यायचेच असेल तर तेवढे पैसे परत द्यावेत. सर थोडा वेळ थांबून म्हणाले, “हे चालेल. पण मग घरातल्याने घरातले सांभाळलेही पाहिजे.” त्यांचा रोख माझ्याकडे होता. जुनी डिस्क पुसण्याआधी तिची नक्कल का ठेवली नाही, हे त्यांना विचारायचे होते. माझ्याकडे उत्तर नव्हते.

कायदाही हळूहळू या वाटेवर येऊ लागला आहे. वेष्टन उघडले वा चिकटपट्टी फाडली तर वॉरंटी रद्द, अशा अटी बेकायदा ठरू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना दिला. त्यांत कन्सोल बनवणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्या होत्या. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचे पोर्टल सुरू केले. हे चांगले आहे. तरी कायदा मला स्क्रू उघडण्याचा हक्क देईल, उघडल्यावर भालदाराने आतली डिस्क परकी ठरवू नये याची हमी देणे अवघड आहे. कारण तिथे स्क्रू नाही, पेचकस लागू पडत नाही, आणि माझ्यासारखा म्हातारा खुर्चीतून ‘होय’ म्हणायला तयार असतो.

हे शेवटचे मला सर्वांत जास्त टोचते. कंपन्यांवर रागावणे सोपे आहे. पण मी ‘होय’ का म्हणालो? तीस वर्षे मी माझ्या यंत्रांना कुणाचा हात लावू दिला नाही. कामगाराने न विचारता टूलपोस्ट हलवली तर मी बोलत असे. त्याच माणसाने न समजलेल्या यंत्रापुढे पहिल्या झटक्यात मान तुकवली. जे समजत नाही ते दुसऱ्याचे, असे आपण नकळत धरून चालतो. सरकारी कागदावर खूण केलेल्या जागी सही, बँकेच्या फॉर्मवर सही, दवाखान्यात सही. ‘त्यांनी विचार केलाच असेल’ हे आमचे ब्रीदवाक्य झाले आहे. मालकी काढून घेतली जाते हे खरेच, पण तिचा मोठा भाग आम्ही असाच, खुर्चीत बसल्या बसल्या, देऊन टाकतो. आणि माझ्या बाबतीत तर मी माझे दिले नाही. मुलांचे दिले. ते गाव त्यांचे होते. त्या दोघांनी रचले होते म्हणून त्यांचे. त्याला पावती नव्हती, वॉरंटी नव्हती, कुठल्याही शास्त्रात त्याची नोंद नव्हती. विज्ञानेश्वराच्या अर्थाने ते पुरते लौकिक होते, दोन भावंडांच्या देण्याघेण्यातून सिद्ध झालेले. त्यावर ‘होय’ म्हणण्याचा अधिकार ना कंपनीला होता ना मला.

दिवाळीला नात येणार आहे. मी नातवाला भीत भीत विचारले, “ते गाव पुन्हा रचणार का रे दोघं?” तो म्हणाला, “तेच कसं रचणार आज्जा? अक्का म्हणते नवीन रचूया. पण विहीर होती तिथंच ठेवूया म्हणाली.” नंतर सहज सांगावे तसे त्याने सांगितले की आता एक वेगळी डिस्क आणून तो दर रविवारी तिच्यावर नक्कल उतरवतो. त्या डिस्कला त्याने एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर मराठीत लिहिले आहे, ‘आमचे.’

परवा पडद्यावर पुन्हा अपडेटची सूचना आली. त्याने मला हाक मारली, बाजूला बसवले आणि ती इंग्रजी सूचना एकेक ओळ मराठीत सांगत गेला. एके ठिकाणी दोघेही अडलो, तेव्हा कुंपणावरून सरांना विचारले. पाऊण तास गेला. शेवटी त्याने विचारले, “मग, काय दाबू?”

मी म्हटले, “तुझं आहे. तू ठरव.”